समाधानवाली मॅडम

भोपाळला जायचं ठरलं तेव्हा कॉलेजातल्या मैत्रिणींनी मला कुठले तलाव पाहायचे, कुठल्या टेकडीवरून सूर्यास्त पाहायचा याची यादी करून दिली होती. तलाव मी पाहिले. पण त्यांच्याविषयी मी फारसं लिहिणार नाही, कारण त्या आठवड्यात माझा बहुतेक वेळ एका मोठ्या रुग्णालयात, लेबर रूमबाहेरच्या लाकडी बाकावर गेला. तिथं जे घडलं ते तलावांपेक्षा सांगण्यासारखं आहे. त्यात माझी एक घोडचूक आहे, तीही सांगते.

मी कोल्हापूरच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रसूतीचा विषय शिकवते. त्याआधी आठ वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. पंचेचाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं आणि विषय घेतला तो माझ्याच जातकुळीच्या बायकांचा: रुग्णालयात काम करणाऱ्या मिडवाइफना आपल्या कामातून कितपत समाधान मिळतं, ते मोजायचं. मिडवाइफ म्हणजे गावची सुईण नव्हे. नर्सिंगचं शिक्षण आणि वर बाळंतपणाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर. कोल्हापूर-सांगलीकडचं काम झालं होतं. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तुलनेसाठी परराज्यातलं एक रुग्णालय घ्या. मी भोपाळ घेतलं. माझी आतेबहीण वृंदाताई तिथं राहते हे एक कारण, आणि माझं हिंदी चांगलं आहे हे दुसरं. हे दुसरं कारण किती पोकळ होतं ते पुढं येईलच.

प्रश्नावलीचं हिंदी आमच्या कॉलेजशेजारच्या हिंदीच्या प्राध्यापकांनी करून दिलं होतं. पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, जो वाटेल त्याला गोल करायचा. निघायच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला, की शेवटी एक मोकळा प्रश्न घाला, त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. प्राध्यापक गावाला गेले होते. मग तो प्रश्न मीच हिंदीत लिहिला आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मथळाही मीच घातला: 'कार्य समाधान प्रश्नावली'. छापून, गठ्ठा बांधून, बॅगेत ठेवून गाडीत बसले.

अवधपुरी

वृंदाताईचे यजमान मोठ्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागले आणि मिरजेहून दोघं इथं, भोपाळच्या अवधपुरी भागात आली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता भाऊजी निवृत्त आहेत. घरात मराठी शुद्ध मिरजेची, असं ताईचं म्हणणं. पण मी पोचले त्या सकाळी ती मला म्हणाली, "सुमे, तू आंघोळ करून घे, तोवर मी नाश्ता लावते. आज धूप छान निघाली आहे, आंगनातच बसू." मिरजेत याला ऊन आणि अंगण म्हणतात, पण मी मुकाट आंघोळीला गेले.

नाश्त्याला पोहे होते. इथले पोहे वाफवलेले, मऊ, किंचित गोडसर, वर शेव आणि जीरावण नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरलेला. आणि शेजारी गरम जिलेबी. आमच्याकडे पोह्यांबरोबर जिलेबी दिली तर पाहुणा विचारील, आज कुणाचा वाढदिवस आहे का. भाऊजींनी एक घास पोह्यांचा, एक जिलेबीचा असं कसं खायचं ते करून दाखवलं. मीही तसंच खाल्लं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नोव्हेंबर संपत आला होता, थंडी कोल्हापूरपेक्षा चांगली दुप्पट. कॉलनीतले लोक उन्हाचा तुकडा धरून खुर्च्या मांडून बसले होते आणि ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवत होते.

"तुझं काम नेमकं काय?" भाऊजींनी विचारलं.

"सिस्टर लोक कामावर किती समाधानी आहेत ते मोजायचं."

"कारखान्यात आमचंही एकदा मोजलं होतं," ते म्हणाले. "साहेब समोर उभे होते. सगळे शंभर टक्के समाधानी निघालो."

मी त्यांना सांगितलं की माझ्या कागदावर नाव लिहायला जागाच नाही, कोण काय म्हणालं ते कुणाला कळणार नाही, वरिष्ठ खोलीत असणार नाहीत. मला माझं काम येतं, असा माझा सूर असणार. तो खोटाही नव्हता.

लेबर रूमबाहेरचा बाक

रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही, तसं लिहून दिलं आहे. माणसांची नावंही बदलली आहेत. नर्सिंग अधीक्षक सक्सेना मॅडम उंच, करड्या केसांच्या, बोलण्यात मोजक्या. त्यांनी माझी परवानगीची पत्रं पाहिली, सही केली, आणि मला लेबर रूमच्या इन्चार्ज पुष्पा मालवीय यांच्याकडे सोपवलं. सगळे त्यांना पुष्पा दीदी म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, ठेंगण्या, चालताना एका गुडघ्याला जपणाऱ्या.

लेबर रूममध्ये पाऊल टाकलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. तोच फिनेलचा वास, तेच पाण्याचे नळ, त्याच अर्धवट ऐकू येणाऱ्या हाका. वेगळं होतं ते बाहेर. तिथं बसलेल्या सासवांच्या डब्यांत गूळ, तूप, सुंठ घातलेला पातळ हरीरा होता. आमच्याकडे अळिवाची खीर किंवा डिंकाचे लाडू असतात. एका आजीने मला हरीरा चाखायला दिला. तिखटगोड, घशातून गरम उतरणारा. मी तिला म्हटलं, आमच्याकडे बाळंतिणीला इतकं पातळ देत नाहीत. ती म्हणाली, "तो फिर दूध कैसे उतरता है?" तिच्या चेहऱ्यावर महाराष्ट्रातल्या समस्त बाळांची काळजी होती.

पुष्पा दीदींनी सिस्टरांना दोन-दोन, तीन-तीन करून माझ्याकडे पाठवलं. मी प्रत्येकीला समजावून सांगितलं. माझ्या हिंदीत म्हणाले, "हमें ये जानना है कि आपको काम में समाधान मिल रहा है या नहीं. खुलकर लिखिए. नाम मत लिखिए."

त्या एकमेकींकडे पाहत. एकीने विचारलं, "सच में लिख दें?"

"सच ही लिखिए," मी म्हटलं.

मग त्या लिहायला बसत आणि उठायचं नाव घेत नसत. कोल्हापूरला याच प्रश्नावलीला दहा मिनिटं लागायची. इथं अर्धा-अर्धा तास चाललं होतं. शेवटच्या मोकळ्या प्रश्नाला मी चार ओळी सोडल्या होत्या. त्या भरून मजकूर मागच्या कोऱ्या बाजूला जात होता. दुपारी एक तरुण सिस्टर जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत आली. रेशमा खान. मिडवाइफचं दीड वर्षाचं प्रशिक्षण झालेलं, पण ड्यूटी वरच्या मजल्यावर पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. "मेरा भी नाम है न लिस्ट में?" तिने विचारलं. होतं. मिडवाइफ कुठल्याही वॉर्डात असो, माझ्या यादीत होती. तिने उभ्यानेच, भिंतीला कागद लावून लिहिलं, आणि देताना दोन्ही हातांनी दिला.

थोड्या वेळाने एक्स-रे विभागातले एक गृहस्थ आले. "मैडम, समाधान का फॉर्म यहीं मिल रहा है?"

मी सांगितलं की हा फॉर्म फक्त मिडवाइफसाठी आहे.

"हमारा कब आएगा?"

मला त्यांच्या उत्साहाचं कौतुक वाटलं. म्हटलं, तुमच्यावरही कुणीतरी संशोधन करील. ते हातातला कागद घडी करून खिशात ठेवत निघून गेले. संध्याकाळी रुग्णालयातून बाहेर पडताना फाटकावरच्या बाईने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "यही हैं समाधान वाली मैडम." मी मान ताठ करून रिक्षात बसले. एका दिवसात पस्तीस फॉर्म. इतका प्रतिसाद मला माझ्या गावातही मिळाला नव्हता.

ताईचं जेवणाचं टेबल

रात्रीच्या जेवणाआधी मी गठ्ठा उघडला. पहिल्याच फॉर्मवर खाली नाव, हुद्दा, मोबाइल नंबर आणि सही होती. दुसऱ्यावरही. जवळजवळ सगळ्यांवर. मी नावं लिहू नका म्हणून बजावलं होतं. आकड्यांना गोल केले होते, पण घाईघाईने. जीव ओतला होता तो शेवटच्या प्रश्नात. एकीने लिहिलं होतं, ड्यूटी रूमच्या संडासाला आतून कडी नाही, तीन वेळा सांगितलं. एकीने लिहिलं होतं, सुट्टीचा अर्ज कुणाच्या टेबलावर अडतो, त्या बाईंच्या नावासकट. रेशमाने लिहिलं होतं: मला दीड वर्ष शिकवलं, चार महिने लेबर रूममध्ये ठेवलं, मग पुरुष वॉर्डात पाठवलं. दोनदा अर्ज दिला. जे शिकले ते हातातून जातंय. या वेळी नाही झालं तर राजीनामा देणार आहे.

मी ताईला वाचून दाखवलं. "बघ ना, मी विचारलंय काय आणि या लिहितायत काय."

"काय विचारलंयस तू? हिंदीत वाच."

मी वाचलं. "आपको किन बातों में समाधान नहीं मिला?"

ताईने पोळपाटावरचा हात थांबवला. भाऊजी हसायला लागले. ताईने त्यांना हातानेच गप्प केलं आणि मला म्हणाली, "अगं सुमे, इकडे समाधान म्हणजे आपलं समाधान नव्हे. समस्या का समाधान. तक्रार सोडवणं. तू त्यांना विचारलंस, तुमच्या कुठल्या तक्रारी अजून सुटल्या नाहीत?"

"मग आपलं समाधान?"

"त्याला संतुष्टि म्हणतात. नाहीतर संतोष."

प्राध्यापकांच्या पंचवीस प्रश्नांत सगळीकडे 'संतुष्टि' होतं. माझ्या मथळ्यात आणि माझ्या एका प्रश्नात 'समाधान'. तोंडानेही मी दिवसभर तोच शब्द वापरला होता. एक्स-रेवाल्या गृहस्थांच्या घडी घातलेल्या कागदात काय असेल ते आता मला कळलं. मी सरकारकडून आले आहे आणि तक्रारी सोडवणार आहे, असं सगळ्या इमारतीला वाटत होतं. नावं लिहिली होती तीही त्यामुळेच. निनावी तक्रार कोण ऐकतो?

भाऊजींनी मात्र मग सरळ प्रश्न विचारला. "हे कागद वर कुणी मागितले तर?"

मी फॉर्म गोळा करून पुन्हा गठ्ठा बांधला. मेथीची भाजी पुढ्यात निवत होती.

अधीक्षकांची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टी. टी. नगरला नव्या प्रती काढायला गेले. मथळा बदलला, प्रश्न बदलला, ताईकडून दोनदा तपासून घेतला. झेरॉक्सच्या दुकानाजवळ एका सरकारी कार्यालयाबाहेर रांग होती, प्रत्येकाच्या हातात अर्ज, आणि दारावर पाटी: 'समाधान कक्ष'. मी त्या पाटीसमोर जरा वेळ उभी राहिले. माझ्या फॉर्मवरही हेच शब्द याच थाटात छापलेले होते. सिस्टरांची काही चूक नव्हती.

रुग्णालयात पोचले तर निरोप होता, अधीक्षक मॅडमनी बोलावलंय.

सक्सेना मॅडमनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. "सुना है मेरे स्टाफ ने बहुत कुछ लिखा है."

"हो," मी म्हटलं, आणि झालेला घोळ सांगितला. शब्दाचा अर्थ, मराठीतला आणि हिंदीतला. त्या ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत.

"ठीक है. गलती हो गई. लेकिन शिकायतें तो असली हैं. फॉर्म मुझे दे दीजिए. मैं देख लूँगी."

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. कदाचित त्यांनी खरंच काही केलंही असतं. पण त्या गठ्ठ्यात दोन कागदांवर त्यांच्याविषयीही लिहिलेलं होतं, नावानिशी.

"नहीं दे सकती, मैडम," मी म्हटलं. "मी त्यांना सांगितलं होतं की कागद माझ्याकडेच राहतील."

"आपने तो उन्हें ये भी कहा था कि समाधान मिलेगा."

त्या पुढे म्हणाल्या, "मैंने परमिशन दी है. वापस भी ले सकती हूँ."

परवानगी गेली असती तर माझं भोपाळचं काम संपलं असतं आणि पीएचडीचं एक वर्ष वाया गेलं असतं. पण आठ वर्षं ज्या पोशाखात काढली त्याच पोशाखातल्या पस्तीस बायकांचे कागद त्या टेबलावर ठेवायचे, हे माझ्या हातून होणार नव्हतं. म्हटलं, "तुम्ही परवानगी काढून घेतलीत तर मी आजच जाईन. पण कागद ज्यांचे त्यांना परत देऊन जाईन. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कल दस बजे," त्या म्हणाल्या. चहा आला तेव्हा मी उठलेच होते. त्यांनी हातानेच बसायची खूण केली. तो चहा पिऊनच मी निघाले.

दुपारी दोन वाजता

पाळी बदलताना सकाळच्या आणि दुपारच्या सिस्टर थोडा वेळ एकत्र असतात. पुष्पा दीदींनी सगळ्यांना ड्यूटी रूममध्ये गोळा केलं. वरून रेशमाही आली. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी सरकारकडून आलेली नाही, कॉलेजात शिकवते, माझ्या भाषेत समाधान म्हणजे मनाला बरं वाटणं, आणि मी तुमची तक्रार सोडवू शकत नाही. चूक माझी आहे. तुमचे फॉर्म तुम्हाला परत देते.

एक सिस्टर म्हणाली, "मतलब कुछ नहीं होगा."

"मेरे हाथ से कुछ नहीं होगा," मी म्हटलं.

वाईट कशाचं वाटलं तर कुणी रागावलं नाही याचं. त्यांना ते नवीन नव्हतं. रेशमाने आपला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला. मग एकजण घाबऱ्या आवाजात म्हणाली की कागद कुणी वाचले तर नाहीत ना. मी म्हटलं, मी वाचले. आणि एक-दोन वाक्यं माझ्या बहिणीला आणि तिच्या यजमानांना वाचून दाखवली, नाव न घेता. तेही चुकलंच. बाकी कुणी नाही. मागितले होते, मी दिले नाहीत.

तेव्हा पुष्पा दीदी पहिल्यांदा बोलल्या. "किसने माँगे थे?"

मी सांगितलं.

"और आपने मना कर दिया?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "देखो, लिखने को तो अपन सबने लिख ही दिया है. लिखना आता है, ये तो पता चल गया. अब जो बात सबकी है, वो एक कागज़ पे लिख के अपन खुद ले चलते हैं. जिसको साइन करना है करे, जिसको नहीं करना न करे."

दहा-बारा मिनिटं वाद झाला. कुणी म्हणालं बदली होईल, कुणी म्हणालं काही होणार नाही. मग त्यांनी मला विचारलं, तुम्हीच लिहून द्या, तुम्ही शिकलेल्या आहात. मी नाही म्हटलं. "मी शनिवारी जाणार. माझ्या अक्षरात असलं तर ती माझी तक्रार होईल. तुमची राहणार नाही."

रेशमा पुढं झाली. मुठीतला कागद तिने उलगडला, मागच्या कोऱ्या बाजूवर मजकूर तयार केला, आणि दुसऱ्या कागदावर सुवाच्य उतरवला. तीनच मुद्दे: बाळंतपणाचं प्रशिक्षण झालेल्यांना लेबर रूममधून हलवू नये, सुट्टीच्या अर्जाला लेखी उत्तर मिळावं, आणि ड्यूटी रूमच्या संडासाला कडी लावावी. सह्या नऊ झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रात्रपाळीच्या सिस्टर घरी निघताना त्यांचेही फॉर्म मी परत केले, तेव्हा आणखी चार.

दहा वाजता पुष्पा दीदी आणि रेशमा तो कागद घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. मी बाकावर बसून राहिले. त्या बाहेर आल्या, मग मला आत बोलावणं आलं. अर्ज टेबलावर होता.

"आपकी मराठी ने मेरा काम बढ़ा दिया," सक्सेना मॅडम म्हणाल्या. मग अर्ज पुढे ओढत: "मैं भी लेबर रूम की ही हूँ. ग्यारह साल. मुझसे किसी ने सीधे कुछ माँगा नहीं था." त्यांनी परवानगीचं काहीच काढलं नाही. मी नवे फॉर्म दाखवले. त्यांनी मथळा वाचला, 'कार्य संतुष्टि', आणि पुढं ढकलले. त्याच दुपारी एक सुतार येऊन संडासाला कडी लावून गेला. पाळीवरच्या सगळ्या सिस्टर एकेक करून ती लावून पाहून आल्या.

बिट्टन मार्केट

उरलेले दोन दिवस काम सुरळीत चाललं. या वेळी नावं नव्हती, मागची बाजू कोरी होती आणि आकडे विचारपूर्वक केलेले होते. एका संध्याकाळी ताई मला बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात घेऊन गेली. जमिनीवर हिरव्या वाटाण्याचे ढीग, मुळ्याच्या पांढऱ्या जुड्या, ताजी पालेभाजी. एका गाडीवर आम्ही गराडू खाल्ले. हा एक कंद, तुकडे तळून वर मसाला आणि लिंबू. थंडीत उभ्याने खायचा पदार्थ. आमच्याकडच्या कोनफळाची आठवण होते, पण आम्ही त्याला एवढा मान देत नाही.

तिथंच पुष्पा दीदी भेटल्या, पिशवीत वाटाणे. ताईची आणि त्यांची लगेच भावाबद्दल चर्चा सुरू झाली, म्हणजे वाटाण्याच्या भावाबद्दल. मग दीदींनी मला बाजूला घेतलं.

"आपके फॉर्म में आखिर में सब नंबर जोड़ते हैं न?"

"हो. बेरीज करून एक आकडा काढतो."

"मत जोड़िए," त्या म्हणाल्या. "मैंने काम वाले सवाल में पाँच पे गोला किया है. ड्यूटी-चार्ट वाले में एक पे. जोड़ के आधा कर दोगे तो तीन आएगा. मैं तीन तो किसी दिन नहीं रही. या तो पाँच रहती हूँ या एक."

मी गराडूची प्लेट हातात धरून उभी होते. कोल्हापूरच्या माझ्या सगळ्या फॉर्मांची मी अशीच बेरीज केली होती. तो आकडा छान दिसायचा.

"आपने लेबर रूम क्यों छोड़ा?" त्यांनी विचारलं.

लोक विचारतात तेव्हा मी शिकवायची आवड सांगते. दीदींना खरं सांगितलं. मुलगा लहान होता, पाळ्या जमत नव्हत्या, मी राजीनामा दिला, आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला. थांब, आपण पाळी बदलून पाहू, असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर थांबले असते.

"हओ," त्या म्हणाल्या. होकारासाठी इकडे असं म्हणतात. पिशवीतले मूठभर वाटाणे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि गुडघा सांभाळत गेल्या.

मला वाटतं, त्या बाजारातच तो एक शब्द मला नीट समजला. आपल्याकडे समाधान मानायचं असतं. तिथं ते मागायचं असतं. आम्ही मराठी सिस्टर वर्षानुवर्षं समाधान मानत आलो, आणि मी ते मोजायला निघाले होते.

मोठा तलाव

निघायच्या दिवशी सकाळी रेशमाची सुट्टी होती. ती मला तलावाकाठी घेऊन गेली. पाणी एवढं की पलीकडचा काठ धुक्यात दिसत नव्हता. मग जुन्या शहरात एका ठेल्यावर तिने मला मिठाचा चहा पाजला. मी पहिल्या घोटाला थांबले. गोड, दुधाळ, आणि मागून खारट. "दूसरे घूँट में समझ आती है," ती म्हणाली. मला तिसऱ्या घोटाला समजला.

मी तिला राजीनाम्याबद्दल विचारलं. लिहून बॅगेत ठेवलाय, म्हणाली. "वार्ड में काम बुरा नहीं है. पट्टी करती हूँ, इंजेक्शन देती हूँ, सब होता है. पर मैडम, हाथ भूल जाते हैं. बच्चे का सिर किधर है, ये पेट पे हाथ रखके पता चलता था. अब रखूँगी तो सोचना पड़ेगा."

"थोडे दिवस थांबतेस का?"

"कितने दिन?"

तिला खोटा दिलासा द्यायचा नव्हता. म्हटलं, मला माहीत नाही, पण तू गेलीस तर त्या अर्जावरची बारा नावं उरतील आणि ज्या अक्षरात तो लिहिलाय ते अक्षर कुणाचं हे कुणी विचारणार नाही. तिने चहाचा ग्लास रिकामा करून ठेवला. आम्ही स्टेशनवर निरोप घेतला तेव्हाही तिने हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

कोल्हापूर

परत आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्या प्रश्नावलीच्या घोळावर बऱ्याच रागावल्या, ते योग्यच होतं. पहिले पस्तीस फॉर्म प्रबंधात कुठेही नाहीत. ते माझ्याकडेही नाहीत. बेरजेबद्दल मात्र मी हटून बसले. काम आणि कामाची जागा यांचे आकडे मी वेगळे ठेवले, कोल्हापूर-सांगलीचेही पुन्हा वेगळे काढले, आणि त्या वेगळ्या आकड्यांनी बाईंचंही मन वळवलं. महिनाभराचं काम वाढलं. मला ते जड गेलं नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी रेशमाचा निरोप आला. सोबत ड्यूटी-चार्टचा फोटो. सक्सेना मॅडमनी प्रशिक्षण झालेल्या पाचजणींना सहा महिने लेबर रूममध्येच ठेवायचं ठरवलं होतं, प्रयोग म्हणून. सुट्टीच्या अर्जांचं अजून काही झालं नव्हतं. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "मैडम, अब फिर से पूछिए."

मी लगेच फोन लावला. ती ड्यूटी रूममध्ये होती, दोन मिनिटं आहेत म्हणाली. मी पहिला प्रश्न वाचला, तिने पाच म्हटलं. दुसरा वाचला. "चार," ती म्हणाली, "क्योंकि..." आणि मागून कुणीतरी तिला हाक मारली. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ती तो बंद करायला विसरली होती. पावलं गेली, दार उघडलं, एका बाईचं कण्हणं ऐकू आलं आणि त्यावर रेशमाचा आवाज, अगदी सावकाश: "साँस लो. लंबी. मैं यहीं हूँ."

पुढचं ऐकायची परवानगी मी कुणाकडून घेतली नव्हती. मी फोन ठेवला.